गाळातली वालपुट

जुनी सायकल ओळखायची तर रंगाकडे बघू नये, हे आशील व्हान्नेस्टेने पन्नास वर्षं लोकांना सांगितलं आणि पन्नास वर्षं लोक आधी रंगाकडेच बघत राहिले. रंग काय, कोणीही देतो. नावाची पट्टी कोणीही चिकटवतो. त्यांच्या भागात तर एकाने जोडायची आणि दुसऱ्याच्या नावाने मिरवायची ही राजरोस रीत होती. शर्यत जिंकलेला गडी ज्या कंपनीची टोपी घालून फुलं स्वीकारायचा, त्या कंपनीच्या दारात त्याची सायकल कधी गेलेलीसुद्धा नसायची. ती झालेली असायची अशाच एखाद्या गावात, कोंबड्यांच्या खुराड्यामागच्या शेडमध्ये, आशीलसारख्या चार जणांच्या हातून.

त्या मंगळवारी सकाळी मेल्डेघेमच्या नगरपालिकेच्या शेडमध्ये टेबलावर जी फ्रेम पडली होती, तिच्यावर रंग उरलाच नव्हता. स्खेल्डे नदी सरळ केली तेव्हा तिचं एक जुनं वळण मागे साचून राहिलं होतं. यंदाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते आटलं, म्हणून पालिकेने गाळ काढायला घेतला, आणि यंत्राच्या दातात ही अडकली. काळीठिक्कर, चाकं वाकडी होऊन गेलेली, पुढचं चाक धरणारा चिमटा वेगळाच निघून शेजारी पडलेला.

"मला दोनच गोष्टी सांगा," पोलिसातली एल्के म्हणाली. तिशीची मुलगी, पण बोलणं सरळ. "ही कुठल्या मॉडेलची आणि कुठल्या सालची. शुक्रवारी गाळाचे ट्रक निघतात. ही त्यांची असेल तर मी काम थांबवते आणि माणसं खाली उतरवते. नसेल तर गाळ जाईल बंदरावर भरावाला. मग शोधायला काही राहणार नाही."

त्यांची म्हणजे फिर्मिन दाल्लेची. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात, सतरा तारखेला, गिरणीतून सुटल्यावर फिर्मिन सराव करायला म्हणून सायकल घेऊन नदीकडे गेला आणि परत आला नाही. घरी चोवीस वर्षांची बायको आणि पाच महिन्यांची मुलगी. पोलिसांनी दोन दिवस नदीत गळ टाकले, मुख्य पात्रात. वळणाच्या डबक्यात कोणी बघितलं नाही. मग गावानेच निकाल लावला: सरहद्दीपलीकडच्या रूबेच्या एका दारूच्या गुत्त्यातली बाई घेऊन पळाला. कुठली बाई, कोणी पाहिली, कोणी विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हा आशीलही हसला होता. हसला कशाला, "लांब तंगड्यांचा आहे, एव्हाना पॅरिस गाठलं असेल," हे कॅफेत पहिल्यांदा म्हणाला तोच. गावाने ते वाक्य वर्षभर वापरलं.

फिर्मिनची बायको गोडेलीव्ह आता बहात्तर वर्षांची होती आणि शेडच्या दारात ओव्हरकोटची बटणं लावून उभी होती. आत यायला तयार नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षं ती ना विधवा होती ना सधवा. चर्चमध्ये तिच्या शेजारची खुर्ची लोक रिकामी सोडत, ते आदराने नव्हे.

"आशील, तू सांगशील ते खरं," ती तिथूनच म्हणाली. "पण नीट बघ."

आशीलने चष्मा बदलला. ज्या वालपुटच्या कारखान्यात तो फ्रेमा जोडायचा, तिथली फ्रेम ओळखणारा आता तोच एक उरला होता. मालक वालपुट गेला, कारखाना गेला, हिशेबाच्या वह्यांसकट जळाला, आणि नळ्या पितळेने जोडणाऱ्या चार झाळकामवाल्यांपैकी तिघे मातीत. इंटरनेटवर फोटो टाकून "ही कुठली?" विचारणारे हौशी लोक शेवटी त्याच्याच दाराशी यायचे.

त्याने तारेच्या ब्रशने कोपरे साफ केले. नळ्या ज्या पोलादी जोडांमध्ये बसतात त्या जोडांना चौकोनी खिडकी कापलेली होती. म्हणजे वालपुटच, आणि त्र्याहत्तरनंतरची. त्याआधी खिडकी गोल असे. गिअरची तार धरणाऱ्या कड्या नळीलाच जोडलेल्या होत्या, पट्ट्यांनी आवळलेल्या नव्हत्या. हेही त्र्याहत्तरनंतरचं. सीटच्या नळीत मापाचा कॅलिपर घातला तर आतून सत्तावीस मिलिमीटरच्या वर. साध्या मॉडेलची नळी जाड भिंतीची, आतून सव्वीसची. ही पातळ, महाग नळी. "शर्यतीचं मॉडेल आहे," तो एल्केला म्हणाला. "ह्याला आम्ही 'स्पुर्टर' म्हणायचो. वर्षाला शंभरसुद्धा होत नसत."

"साल?"

"थांब की पोरी. ही काय ब्रेडची पिशवी आहे, तारीख छापलेली?"

त्याने फ्रेम उलटी केली. पायडलचा आस जिथून जातो त्या नळकांडीच्या पोटावर नंबर असतो. त्यावर गंजाचं पापुद्र्यांचं कवच होतं. ते त्याने नखाएवढ्या छिन्नीने, अंड्याचं टरफल सोलावं तसं सोललं. आधी सात दिसला. मग चार. मग तीन, सहा. आणि थोडी जागा सोडून दोन. चौऱ्याहत्तर साल, छत्तिसावा आठवडा, त्या आठवड्यातली दुसरी फ्रेम.

आणि त्यापुढे एक छोटी फुली.

प्रत्येक झाळकामवाल्याची खूण वेगळी होती. एकाचा ठिपका, एकाची आडवी रेघ, एकाचा त्रिकोण. फुली आशीलची.

त्याने छिन्नी खाली ठेवली. खरं तर फुली दिसायच्या आधीच त्याला कळलं होतं. सीटची नळी लांब आणि वरची आडवी नळी आखूड, अशी मापं एकाच माणसासाठी घेतलेली. पंप अडकवायची खुंटी उलट्या बाजूला, कारण फिर्मिन डावखुरा.

चौऱ्याहत्तरला छत्तिसाव्या आठवड्यात मेल्डेघेमची जत्रा होती. आठवड्यातली दुसरी फ्रेम म्हणजे सोमवारची. जत्रेचा सोमवार.

मग त्याने चिमट्याकडे बघितलं. तोवर बघितलंच नव्हतं. टाळत होता असं म्हणा. चिमट्याच्या डोक्यात एक दांडा बसवतात, तो वर फ्रेमच्या पुढच्या नळीतून जातो आणि त्यालाच हँडल लागतं. माणसाचं सगळं ओझं त्या एका जोडावर. इथे दांडा फ्रेममध्येच राहिला होता आणि चिमटा त्याच्यापासून सुटून आला होता. लोखंड गंजतं, पितळ गंजत नाही. म्हणून जिथे झाळ गेलेला असतो तिथे पन्नास वर्षांनीही पिवळं दिसतंच. दांड्याच्या टोकाला, अगदी खालच्या कडेला, पिवळी बांगडीएवढी बारीक रेघ होती. तिच्या वर बोटभर उंचीत काही नाही. नुसतं काळं. जोड धरायचा तो ह्या बोटभरात. तो बोटभर रिकामा होता.

"आशील?" गोडेलीव्हने दारातून विचारलं.

एक क्षण त्याच्या मनात आलं. चारचा आकडा सात सांगितला तर? गंजात कोण बघतंय? सत्त्याहत्तरची फ्रेम, म्हणजे फिर्मिन गेल्यानंतर तीन वर्षांची, म्हणजे दुसऱ्या कोणाची. शुक्रवारी ट्रक जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्या विचाराची त्याला आयुष्यभर लाज वाटली असती, पण आयुष्य तसं फार उरलेलंही नव्हतं.

"त्याचीच आहे, लीव्ह," तो म्हणाला. "स्पुर्टर, चौऱ्याहत्तरची. मीच जोडलेली."

 गोडेलीव्ह तिथल्या मिठाच्या गोणीवर बसली आणि हातमोजे काढून पुन्हा घातले.

एल्केने चिमट्याकडे बोट केलं. "आणि हा कशाने तुटला?"

"इतकी वर्षं पाण्यात," आशील म्हणाला. "आणि वरून यंत्राचे दात. गंज काय सोडतो का कोणाला!"

एल्केने लिहून घेतलं.

बुधवारी माणसं गाळात उतरली. गुरुवारी दुपारी सायकलच्या जागेपासून तीन मीटरवर त्यांना पायडलला अडकवायची पट्टी तळाला ठोकलेला शर्यतीचा एक बूट मिळाला, आणि मग बाकीचं. पुढच्या शनिवारी दफन झालं. चर्च भरलं होतं. जे लोक तिच्या शेजारची खुर्ची रिकामी सोडत तेच त्या दिवशी तिच्या शेजारी बसायला धडपडत होते. आशीलला त्यांची किळस आली, आणि लगेच स्वतःची.

फिर्मिन पळाला नव्हता. एवढं तरी झालं, असं आशीलने स्वतःला समजावलं. अर्धं सत्य सांगितलं होतं, पण जे अर्धं तिला हवं होतं तेच ना? उरलेलं अर्धं तिला कळून काय उपयोग? अशा समजुती पंच्याहत्तराव्या वर्षी माणूस फार पटकन घालून घेतो.

पण गावाला अर्ध्यावर कुठे भागतं? दफनाच्या जेवणातच, हॅमचे पाव फिरत असताना, कॅफेतला जुना रॉबेर म्हणाला, "सरळ सपाट वाट. वारा नाही, पाऊस नाही. त्या वाटेवरून माझी आजी डोळे मिटून जायची. हा पाण्यात पडतोच कसा? बाई घेऊन नाही, बाटली घेऊन गेला होता म्हणा की!"

टेबल हसलं. आशीलने पाव ताटलीत ठेवला. मग पुन्हा उचलला.

आठ दिवसांत सगळ्या मेल्डेघेमला ठाऊक झालं की फिर्मिन दाल्ले पिऊन पाण्यात पडला. कोणी म्हणे गिरणीच्या फाटकापाशी सहा ग्लास रिचवले, कोणी म्हणे आठ. अठ्ठेचाळीस वर्षांनी ग्लास मोजणारे निघाले.

दर गुरुवारी आशील गोडेलीव्हकडे कॉफीला जायचा. त्याची बायको इर्मा होती तेव्हापासूनची ही सवय. इर्मा गेल्यावरही मोडली नाही. गोडेलीव्हच्या मुलीची पहिली सायकल त्यानेच जोडली होती, तिचा बॉयलर त्यानेच दोनदा दुरुस्त केला होता. दफनानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी तो गेला तेव्हा टेबलावर दगडवाल्याचा कागद होता. थडग्यावरचा मजकूर त्यात लिहायचा होता. गोडेलीव्हने नाव लिहिलं होतं आणि दोन सालं. खाली 'प्रिय पती' असं छापील होतं, ते तिने खोडलं होतं.

"हे का खोडलंस?" त्याने विचारलं.

"का म्हणजे?" तिने कप त्याच्यापुढे ठेवला. "पोरगी झाली त्या दिवशी त्याने माझ्या हातात हात देऊन शपथ घेतली होती. आता थेंबही नाही म्हणाला. त्याआधी प्यायचा, मला माहीत होतं. मी लग्न केलं ते माहीत असून केलं. पण शपथ घेतली होती त्याने, आशील. आणि मी इतकी वर्षं रात्री त्याला शिव्या घालायचे तेव्हासुद्धा म्हणायचे, बाई घेऊन गेला असेल, पण दारू नाही प्यायला. एवढी एक गोष्ट मी त्याच्या बाजूने ठेवली होती. तीपण गेली."

"कोणी सांगितलं तो प्यायला होता?"

"सगळेच सांगतात. आणि नाहीतर पडला कशाने? तूच सांग. सरळ वाट आहे."

आशील कॉफीकडे बघत राहिला. तिने साखर न विचारता घातली होती, दोन चमचे, नेहमीसारखी. त्याला वाटलं उठून जावं. घर दोन गल्ल्यांवर होतं. घरी गेला असता, दार लावलं असतं, मग वर्षभरात कधीतरी मेला असता, आणि थडग्यावर नुसतं नाव आणि दोन सालं राहिली असती.

"ती फ्रेम कुठे आहे?" तो म्हणाला.

"गॅरेजमध्ये. एल्केने आणून दिली. मला बघवत नाही."

तो गॅरेजमध्ये गेला आणि चिमटा उचलला. मग दांडाही पुढच्या नळीतून ठोकून काढला.  दोन्ही तुकडे त्याने आत आणून टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवले.

"हे बघ," तो म्हणाला. "हा दांडा ह्या डोक्यात बसतो. मग दोन्ही लालबुंद तापवायचं, टाकणखार लावायचा आणि पितळेची सळई लावायची. पितळ वितळून फटीत शिरतं. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात, की सळई वरून लावायची आणि पितळ खालून बाहेर येईपर्यंत हलायचं नाही. जिथे घातलं तिथे बघायचं नसतं, पलीकडून आलेलं बघायचं. पलीकडून आलं तर मधे सगळीकडे गेलं. कळतंय?"

"कळतंय."

"मी सळई खालून लावली. खालीच कड चमकली. वालपुटने उचलून खालून बघितलं, कड पिवळी दिसली, मान हलवली. त्याला काय माहीत मी कुठून घातलं." त्याने बोट पिवळ्या रेघेवर ठेवलं आणि मग वरच्या काळ्या भागावर. "इथे पितळ गेलंच नाही. ह्या बारीक कडेवर आणि आत ठोकलेल्या एका खिळ्यावर ती सायकल सहा आठवडे चालली. मग सुटली. हातात हँडल राहतं आणि पुढचं चाक जातं, लीव्ह. पट्टीचा शर्यतवालासुद्धा काही करू शकत नाही. वाट सरळ असली तरी नाही."

गोडेलीव्हने रेघेकडे बघितलं. 

"म्हणजे तो प्यायला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

तिने दगडवाल्याचा कागद ओढला आणि खोडलेल्या दोन शब्दांखाली तेच दोन शब्द पुन्हा, मोठ्या अक्षरांत, लिहिले. पेन कागदात रुतलं. मग टोपण लावलं.

"तुला शेडमध्येच कळलं होतं."

"हो."

"आणि जेवणाला रॉबेर बोलला तेव्हा तू तिथेच होतास. माझ्या समोर. हॅम खात होतास."

"हो."

"आणि पॅरिसचं? ते तुझंच होतं ना? मला इर्माने सांगितलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, तरुण आहे."

 आशीलला रडू येईल असं वाटत होतं आणि ह्या घरात, ह्या बाईसमोर रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं, म्हणून तो दात आवळून बसला.

"का केलंस असं?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "येत नव्हतं तुला?"

"येत होतं. माझ्याइतकं कोणालाच येत नव्हतं. जत्रेचा सोमवार होता. रविवारची उतरली नव्हती. बँड रस्त्याच्या टोकाला आला होता, बाकीचे तिघे निघाले होते. वरून घालायचं म्हणजे सगळं पुन्हा सारखं तापवायचं. मी म्हटलं, चालेल."

"फिर्मिनने घाई केली असेल. तो होताच उतावळा. त्याने केली घाई?"

ही वाट तिने स्वतःच उघडून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिनेही मानलं असतं; मेलेल्या माणसाला कोण विचारणार? आशीलला फिर्मिन दिसला, कारखान्याच्या दाराला टेकलेला, स्वतःची फ्रेम होताना बघायला सुट्टीच्या दिवशी आलेला, लांब पाय एकमेकांवर टाकून.

"नाही," तो म्हणाला. "दारात उभा होता. म्हणाला, 'सावकाश होऊ दे आशील, मला काही घाई नाही. रंगाला तसेही चार दिवस जाणार.'"

गोडेलीव्हने डोळे मिटले आणि उघडले.

"नीट करायला किती वेळ लागला असता?"

"लीव्ह..."

"किती वेळ?"

"चार मिनिटं."

ती उठली. त्याला वाटलं आता ती दार उघडेल, आणि तो उठायला लागला.

"बस," ती म्हणाली.

तिने कपाटावरचं, अंडी उकडताना लावायचं मिनिटांचं घड्याळ घेतलं, चारवर फिरवलं आणि टेबलावर, चिमट्याच्या शेजारी ठेवलं. मग समोरच्या खुर्चीत बसली आणि हात मांडीवर घेतले.

घड्याळ टकटकत राहिलं. पहिलं मिनिट आशील त्याच्याकडेच बघत होता. दुसऱ्यात काहीतरी बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि तिने मान हलवली तसं मिटलं. बाहेर पोस्टाची गाडी थांबली आणि गेली. तिसऱ्या मिनिटात त्याची मान खाली गेली ती वर आली नाही. तिने मात्र नजर काढली नाही, एकदाही. चौथं मिनिट संपता संपत नव्हतं.

घंटा वाजली. दोघेही दचकले.

"एवढीच होती," गोडेलीव्ह म्हणाली.